मेल जातं, पण येत नाही: दर दोन महिन्यांनी उगवणारी सर्टिफिकेटची तक्रार

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल.

सकाळी ऑफिसात दोन-तीन जण एकदम सांगतात की मोबाईलवर मेल येईनासं झालंय. आयफोनवाल्याला सर्व्हरची ओळख पटत नसल्याचा इशारा दिसतो. अँड्रॉइडवाल्याला सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ठरावीक मुदतीच्या डिजिटल ओळखपत्रात, गडबड असल्याची सूचना येते. संगणकावरचा मेल प्रोग्राम थंडरबर्ड या सर्टिफिकेटसाठी अपवाद नोंदवायचा का म्हणून विचारतं. गंमत म्हणजे वेबमेल व्यवस्थित उघडतं, आणि ज्याने इशारा बाजूला सारून मेल पाठवून पाहिलं त्याचं मेल गेलेलंही असतं. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत होतं, विषय मिटतो. दोनेक महिन्यांनी तीच माणसं, तीच तक्रार.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि बाहेरून स्वीकारणारा) आणि डोव्हकॉट (आलेलं मेल मोबाईल-संगणकाला देणारा), सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, ते आणायला सर्टबॉट हा प्रोग्राम, अशी मांडणी असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल. छोट्या संस्था, शाळा, वकिलांची कार्यालयं आपला मेल सर्व्हर स्वतः चालवतात तेव्हा बहुधा हीच मांडणी असते.

कारण असं. सर्टबॉटने नवं सर्टिफिकेट वेळेवर आणलेलं असतं आणि डिस्कवर जागच्या जागी ठेवलेलं असतं. डोव्हकॉट मात्र सर्टिफिकेटची फाईल सुरू होताना किंवा रिलोड होताना (म्हणजे बंद न पडता सेटिंग्ज पुन्हा वाचताना) वाचतो आणि पुढे तीच प्रत वापरत राहतो. फाईल बदलली हे त्याला कोणी सांगत नाही, तो स्वतःहून पाहत नाही. नवं रेशनकार्ड कपाटात आणि दुकानात मात्र जुनंच दाखवायचं, असा हा प्रकार आहे. जुन्याची मुदत संपेपर्यंत कोणाच्या काही लक्षात येत नाही.

म्हणून पहिली तपासणी फाईलची नव्हे, पोर्टची करा, म्हणजे सर्व्हरच्या ज्या क्रमांकाच्या दारावर मोबाईल येतो त्या दाराची. माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. सर्टबॉटला विचारलंत तर तो सांगेल की सर्टिफिकेट अजून साठ दिवस चालणार आहे, आणि ते खरंच असतं. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलंत तर कुलूप दिसेल, तेही खरंच असतं. पण मोबाईलला फाईल दिसत नाही आणि तो वेब सर्व्हरशीही बोलत नाही. तो ९९३ पोर्टवर डोव्हकॉटशी बोलतो. तिथे काय मिळतं तेवढंच त्याच्यासाठी सर्टिफिकेट.

पोर्टला विचारायचं ते ओपनएसएसएल या साधनातल्या एस-क्लायंट आज्ञेने. कनेक्ट या पर्यायापुढे सर्व्हरचं नाव आणि ९९३ पोर्ट द्या, सर्व्हरनेमपुढे तेच नाव पुन्हा द्या, आणि जे बाहेर येईल ते पाईपने एक्स-५०९ या उपआज्ञेकडे सोपवून तारखा आणि सीरियल नंबर मागा. मग हीच एक्स-५०९ आज्ञा डिस्कवरच्या फाईलवर चालवा. दोन्ही सीरियल नंबर वेगळे निघाले तर निदान पक्कं. तारखांवर थांबू नका, सीरियल नंबर जुळतोय का ते पाहा, कारण त्यात शंकेला जागा उरत नाही. पाठवण्याच्या ५८७ पोर्टची तपासणी करताना स्टार्टटीएलएस (साधी सुरू झालेली जोडणी कूटबद्ध करणारा) हा पर्याय एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत) म्हणून जोडावा लागतो, १४३ साठी आयमॅप (सर्व्हरवरचं मेल वाचण्याची पद्धत) म्हणून. ४६५ आणि ९९३ वर जोडणी सुरुवातीपासूनच कूटबद्ध असते, त्यामुळे तिथे तो लागत नाही. ही तपासणी सर्व्हरवर बसून न करता बाहेरच्या एखाद्या मशीनवरून करा. सर्व्हरच्या पुढ्यात हेप्रॉक्सीसारखं, जोडण्या आधी स्वतः झेलणारं काही बसवलेलं असेल तर जुनं सर्टिफिकेट डोव्हकॉटऐवजी तोच देत असतो, आणि आतून पाहिलं तर ते दिसत नाही.

आता मेल जातं आणि येत नाही, हे कोडं. पोस्टफिक्सची रचनाच वेगळी आहे. त्याचे कर्ते वित्से व्हेनेमा यांनी तो छोट्या छोट्या, अल्पायुषी प्रोसेसमध्ये विभागला आहे. जोडण्या स्वीकारणारी एसएमटीपीडी प्रोसेस मूळ सेटिंगनुसार शंभर सेकंद रिकामी राहिली किंवा तिने शंभर जोडण्या हाताळल्या की संपते. तिच्या जागी येणारी नवी प्रोसेस सर्टिफिकेट नव्याने वाचते. त्यामुळे सर्टबॉटने फाईल बदलल्यावर थोड्याच वेळात पोस्टफिक्स न सांगता नव्या सर्टिफिकेटवर जातो. वेबमेलचं म्हणाल तर ते एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर असेल तेव्हा सर्टबॉटचं एनजिनएक्स प्लगिन नूतनीकरणानंतर त्याला स्वतः रिलोड करतं. तिघांपैकी दोघं आपोआप सावरतात आणि मागे राहतो तो फक्त डोव्हकॉट. पाठवणं चालू आणि येणं बंद, एवढं ऐकलं तरी मी आधी डोव्हकॉटचं पोर्ट पाहतो.

काही वेळा पहिल्या दिवशी डेस्कटॉपवाल्यांची तक्रार नसते आणि मोबाईलवाल्यांची असते, यालाही कारण आहे. सर्टिफिकेट तपासलं जातं ते जोडणी करताना. ऑफिसातल्या संगणकावर थंडरबर्ड सकाळपासून उघडं असतं, त्याची आयमॅपची जोडणी आयडल (नव्या मेलची वाट पाहत उघडी) अवस्थेत तासन्‌तास तशीच राहते आणि मधेच मुदत संपली तरी तिला धक्का लागत नाही. मोबाईल वायफायवरून डेटावर जातो, झोपतो, जागा होतो, आणि दर वेळी नवी जोडणी करतो. म्हणून पहिला ओरडतो तो मोबाईल. दुसऱ्या दिवशी संगणक चालू केले की डेस्कटॉपवालेही तक्रार घेऊन येतात.

मेल हरवलं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही हरवलं. बाहेरून येणारं मेल २५ पोर्टवर पोस्टफिक्सकडे येतं, आणि दोन सर्व्हरमधल्या नेहमीच्या व्यवहारात पाठवणारा सर्व्हर समोरच्याचं सर्टिफिकेट वैध आहे का याचा आग्रह धरत नाही. कूटबद्ध जोडणी मिळाली तर घेतो, एवढंच. सगळं मेल सर्व्हरवर येऊन पडलेलं असतं आणि वेबमेलमध्ये दिसतं. हे लोकांना लगेच सांगा, कारण घाबरलेला माणूस मोबाईलवरचं खातं काढून पुन्हा जोडायला बसतो. खातं पॉप प्रकारचं (मेल मोबाईलवर उतरवून घेणारं) असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची सोय बंद असेल, तर खात्याबरोबर त्याचं जुनं मेल कायमचं जातं. खातं काढून पुन्हा जोडायचा सल्ला या तक्रारीत कोणालाही देऊ नका.

दोन महिन्यांचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडला की कोडं सुटतं. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट ते ३० दिवस उरले की बदलतो. समजा १ जानेवारीला सर्टिफिकेट घेऊन डोव्हकॉट सुरू केला. त्याची मुदत १ एप्रिलपर्यंत. २ मार्चला सर्टबॉट नवं आणतो, डोव्हकॉट जुनंच धरून बसतो. १ एप्रिलला तक्रार येते, रीस्टार्ट होतो, आणि डोव्हकॉट २ मार्चचं सर्टिफिकेट उचलतो. ते नवं भासलं तरी त्याचे ३० दिवस आधीच संपलेले असतात. त्याची मुदत ३१ मेपर्यंत. तोवर १ मे रोजी पुढचं सर्टिफिकेट आलेलं असतं, तेही डिस्कवरच राहतं. ३१ मे रोजी पुन्हा तक्रार, मग ३० जुलैला. पहिल्यांदा ९० दिवस, आणि त्यानंतर दर ६० दिवसांनी.

बिघाडाच्या दिवशीचे लॉग चाळून हाती काही का लागत नाही, तेही यावरून कळेल. सर्टिफिकेट बदललं ३० दिवसांपूर्वी. त्या दिवशी सर्टबॉटच्या लॉगमध्ये सगळं यशस्वी म्हणून नोंदलेलं आहे. बिघाडाच्या दिवशी सर्व्हरवर काहीही बदललेलं नाही, नुसती तारीख उलटली आहे. मधेच कर्नल अपडेटसाठी मशीन रीबूट झालं किंवा डोव्हकॉटचं पॅकेज अपडेट होऊन तो आपोआप रीस्टार्ट झाला, तर एखादी पाळी चुकते आणि तक्रार चार-पाच महिन्यांनी येते. मग लोक म्हणतात की कधीतरीच होतं, काही नियम नाही. नियम आहे. नियमित अपडेट होणाऱ्या सर्व्हरवर तो झाकला जातो, इतकंच.

लॉगमध्ये एक खूण मात्र मिळते. डोव्हकॉटच्या लॉगमध्ये लॉगिनचा प्रयत्नच न होता तुटलेल्या जोडण्या शोधा. तिथे टीएलएस हँडशेक, म्हणजे कूटबद्ध जोडणीची सुरुवातीची बोलणी, फसल्याची ओळ असते आणि शेवटी अलर्टचा क्रमांक. हा अलर्ट क्लायंटने पाठवलेला असतो, म्हणजे मोबाईलने नकार का दिला ते त्याच्याच तोंडून कळतं. ४५ म्हणजे मुदत संपली. ४८ म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था ओळखीची नाही. ४२ किंवा ४६ आला तर क्लायंटने नीट कारण दिलेलं नाही, मग पुन्हा पोर्टकडे वळा.

दुरुस्ती

आत्ताची अडचण सोडवायला डोव्हकॉट रिलोड करणं पुरेसं आहे. डोव्हअ‍ॅडमला (डोव्हकॉटची नियंत्रणाची आज्ञा) रिलोड सांगा किंवा लिनक्सच्या सिस्टमसीटीएलमार्फत करा. रीस्टार्ट टाळा, कारण त्यात चालू असलेल्या सगळ्या जोडण्या तुटतात आणि कोणाचं मोठं अटॅचमेंट ड्राफ्टमध्ये जात असेल तर तेही अडकतं. रिलोड झाल्यावर पोर्टचा सीरियल नंबर पुन्हा पाहा आणि डिस्कवरच्या फाईलशी जुळला की मगच लोकांना कळवा.

इथे अनेक जण सर्टबॉटला जबरदस्तीने नवं सर्टिफिकेट आणायला सांगतात, मग रीस्टार्ट करतात, आणि नव्या सर्टिफिकेटने काम झालं असं मानतात. काम रीस्टार्टने झालेलं असतं. शिवाय त्याच नावांच्या संचासाठी लेट्स एन्क्रिप्ट सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं देतं. उगाच आणत राहिलात तर खरी गरज पडेल त्या दिवशी दार बंद असेल.

कायमची दुरुस्ती म्हणजे सर्टबॉटचा डिप्लॉय हुक, नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणारी स्क्रिप्ट. लेट्स एन्क्रिप्टच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये रिन्यूअल-हुक्स नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डिप्लॉय. तिथे एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा, जिच्यात डोव्हकॉट रिलोड करण्याची एक ओळ असेल. पोस्टफिक्सचीही ओळ घाला, गरज नसली तरी तोटा काही नाही. स्क्रिप्टची मालकी रूटकडे ठेवा आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. ही परवानगी राहून गेली तर सर्टबॉट तिला हातही लावत नाही. या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट प्रत्येक यशस्वी नूतनीकरणानंतरच चालतात, म्हणून विनाकारण रोज रिलोड होण्याची भीती नाही. सर्टबॉटऐवजी एसीएमई डॉट एसएच वापरत असाल तर त्यात सर्टिफिकेट जागेवर बसवताना रिलोडची आज्ञा नोंदवायची सोय आहे आणि ती पुढच्या वेळांसाठी लक्षात राहते.

एक खाचखळगा इथे नक्की आहे. हुक नीट बसला का हे पाहायला लोक सर्टबॉटची ड्राय रन (नुसती रंगीत तालीम) करतात, ती यशस्वी होते, आणि ते निश्चिंत होतात. साध्या ड्राय रनमध्ये डिप्लॉय हुक चालतच नाहीत. प्री आणि पोस्ट प्रकारचे चालतात, डिप्लॉय नाही. म्हणून स्क्रिप्ट हाताने चालवून पाहा, डोव्हकॉटच्या लॉगमध्ये रिलोडची नोंद आली का ते पाहा, आणि पुढच्या खऱ्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. त्या दिवसानंतर पोर्टचा सीरियल नंबर एकदा बघितला की मन शांत.

डोव्हकॉटच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्टिफिकेटचा मार्ग कुठला दिलाय तेही पाहून घ्या. तो लाइव्ह फोल्डरमधल्या फुलचेन (मधल्या सर्टिफिकेटसकट असलेल्या) फाईलकडे जायला हवा. लाइव्हमध्ये खऱ्या फाईली नसतात, सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) असतात, आणि दर नूतनीकरणाला त्या आर्काइव्हमधल्या ताज्या फाईलकडे वळतात. कोणीतरी कधीकाळी फाईलची प्रत काढून डोव्हकॉटच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर कितीही रिलोड करा, जुनंच मिळेल. खाजगी कीच्या (सर्टिफिकेटच्या जोडीच्या गुप्त किल्लीच्या) परवानग्या मात्र सैल करू नका. डोव्हकॉट ती रूट म्हणून वाचतो, त्याला कुठलीही खास परवानगी लागत नाही. तक्रार सुटत नाही म्हणून की सर्वांना वाचता येईल अशी करून ठेवलेले सर्व्हर मी पाहिले आहेत, आणि ते सर्टिफिकेटची मुदत संपण्यापेक्षा फार वाईट आहे.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, डोव्हकॉट चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फक्त लाइव्ह फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं तर सिमलिंक आत जातात, त्या ज्याकडे बोट दाखवतात तो आर्काइव्ह बाहेरच राहतो. म्हणून वरचं अख्खं लेट्स एन्क्रिप्ट फोल्डर केवळ वाचण्यासाठी म्हणून माउंट करा. एकच फाईल थेट माउंट केली असेल तर कंटेनर सुरू होताना जी फाईल होती तीच आत अडकून राहते, आणि बाहेर सिमलिंक वळली तरी आत काही कळत नाही. आणि हुक होस्टवर चालत असल्याने त्यातून डॉकर एक्झेकने कंटेनरमधल्या डोव्हअ‍ॅडमला रिलोड सांगावं लागतं. होस्टवर डोव्हकॉट नसतोच, तिथे सिस्टमसीटीएल चालवून काय होणार.

सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या तक्रारी

पोर्टवरही आणि डिस्कवरही मुदत संपलेलं सर्टिफिकेट असेल तर नूतनीकरणच फसतंय. बहुतेक वेळा नावाची पडताळणी ज्यावरून होते ते ८० पोर्ट फायरवॉलने अडवलेलं असतं. दुसरं वारंवार दिसणारं कारण म्हणजे डीएनएसमध्ये राहिलेली जुनी क्वाड-ए (आयपीव्ही ६ पत्त्याची) नोंद. पडताळणीच्या वेळी लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही ६ ला प्राधान्य देतं, आणि ती नोंद जुन्या सर्व्हरकडे जात असेल तर तुमची पडताळणी भलत्याच मशीनवर होते. दुरुस्ती होईपर्यंत सर्टबॉट पुन्हा पुन्हा चालवू नका, एका तासात एका नावासाठी पाचच फसलेले प्रयत्न चालतात. या चाचण्यांसाठी लेट्स एन्क्रिप्टचा वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे, तो वापरा.

डेस्कटॉपवर सगळं ठीक आणि काही अँड्रॉइड ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून देणारी संस्था अनोळखी असल्याची तक्रार, म्हणजे फुलचेनऐवजी नुसती सर्ट फाईल दिली गेली आहे. मधलं सर्टिफिकेट पाठवलंच जात नाही. काही क्लायंटकडे ते आधीपासून साठवलेलं असतं म्हणून त्यांचं निभावतं.

फक्त फार जुन्या मोबाईलवर तक्रार असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती विचारा. ७.१.१ च्या आधीचं अँड्रॉइड लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स १ हे मूळ सर्टिफिकेट ओळखत नाही. जुन्या रूटच्या आधाराने मिळालेली सवलत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. लेट्स एन्क्रिप्टचंच सर्टिफिकेट ठेवायचं तर यावर सर्व्हरवर करण्यासारखं काही नाही.

नाव जुळत नाही असा संदेश असेल तर क्लायंटमध्ये सर्व्हरचं नाव काय भरलंय ते पाहा. मेल डॉट लावलेलं नाव सर्टिफिकेटवर आणि क्लायंटमध्ये नुसतं डोमेन, हे नेहमीचं. आणि एकट्याच संगणकावर सगळीच सर्टिफिकेटं चुकीची दिसत असतील तर घड्याळ पाहा. मदरबोर्डचा सेल गेलेला असतो.

तुमच्या डोमेनला डेन (डीएनएसमधल्या नोंदीवरून सर्टिफिकेट पडताळण्याची पद्धत) लावलेलं असेल तर ते मात्र बारकाईने पाहायला हवं. सर्टबॉट मूळ सेटिंगनुसार दर वेळी नवी की बनवतो, पोस्टफिक्स ती लगेच वापरायला लागतो, आणि डीएनएसमधली टीएलएसए नोंद जुन्या कीची राहते. डेन तपासणारे सर्व्हर मग तुम्हाला यायचं मेल आपल्याकडे रांगेत धरून ठेवतात. तिथे तक्रार बरोबर उलट दिसते: मोबाईल खूश, पण काही ठरावीक ठिकाणांहून मेल येत नाही. रीयूज-की पर्याय चालू करा म्हणजे की तीच राहील.

पहारा

हुक बसवला तरी पोर्टवर रोज एक नजर हवी, आणि ती माणसाने ठेवायची नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) एक छोटी स्क्रिप्ट लावा जी ९९३, ५८७ आणि ४४३ या तिन्ही पोर्टचं सर्टिफिकेट मागेल आणि एक्स-५०९ च्या चेकएंड पर्यायाने २० दिवस उरलेत का ते पाहील. चेकएंडला सेकंद लागतात, २० दिवसांचे १७,२८,००० होतात. सर्टबॉट ३० व्या दिवशीच बदलत असल्याने २० च्या खाली गेलं याचा अर्थ काहीतरी नक्की बिघडलंय, आणि दुरुस्तीला भरपूर वेळ हातात आहे. सूचना त्याच मेल सर्व्हरवर पाठवू नका. टेलिग्राम, एसएमएस, दुसरीकडचं मेल, काहीही चालेल. लेट्स एन्क्रिप्टकडून पूर्वी मुदत संपत आल्याची मेलं यायची, ती सेवा त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केली. तसंही ती मेलं तुमचं पोर्ट पाहून येत नव्हती, नवं सर्टिफिकेट दिलं गेलं की नाही एवढं पाहून यायची. या तक्रारीत त्यांचा उपयोग नव्हताच.

याची निकड वाढते आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. विकत घेतलेलं वर्षाचं सर्टिफिकेट वापरून या भानगडीपासून दूर राहिलेल्यांनाही आता स्वयंचलित नूतनीकरणाकडे यावं लागेल, आणि ज्यांचा डोव्हकॉट रिलोड होत नाही त्यांच्याकडे ही तक्रार आत्तापेक्षा जास्त वेळा येईल.

शेवटी लोकांबद्दल, कारण खरं नुकसान तिथे होतं. बिघाडाच्या दिवशी "येस करा, काही होत नाही" असं सांगून वेळ मारून नेऊ नका. त्या माणसाने उद्या रेल्वे स्टेशनवरच्या एखाद्या फसव्या वायफायवर तोच इशारा पाहिला तर तो तिथेही येस करेल आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात जाईल. सांगा की पंधरा मिनिटं थांबा, वेबमेल वापरा, मी कळवतो. ज्यांनी थंडरबर्डमध्ये कायमचा अपवाद आधीच नोंदवला असेल त्यांच्या संगणकावर जाऊन तो काढा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटी, त्यात मॅनेज सर्टिफिकेट्स, तिथे सर्व्हर्स हा टॅब. आपल्या सर्व्हरच्या नावापुढच्या सगळ्या नोंदी पुसा, थंडरबर्ड बंद करून उघडा, आणि काही न विचारता मेल आलं की पुढच्या टेबलाकडे जा.